पाटी उतरली तरी पावती जपा



मागच्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक मावशी आमच्याजवळ आल्या. हातात पिशवी, पिशवीत जुने कागद. मुंबईतील एका चाळीत सासऱ्यांच्या नावाची खोली. सासरे जाऊन वीस वर्षे झाली, पण पावती अजून त्यांच्याच नावाची. "आता चाळ पाडणार म्हणत्यात. आमचं नाव तर कुठंच न्हाई," एवढे बोलून त्या गप्प झाल्या.

आपल्या जिल्ह्यातून दुष्काळापायी गिरणीत, गोदीत पोट भरायला गेलेली अशी किती तरी घरे आहेत. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली सरकारने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. दाटीच्या वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, गरिबांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. रस्ते झाले, पण पाडली तेवढी घरे बांधली नाहीत, अशी टीका त्या काळीच झाली. जी बांधली त्यांतली एक चाळ आपल्याला वंदनीय आहे. परळची बीआयटी चाळ क्रमांक १. तिथल्या ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ अशी सुमारे २२ वर्षे परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई राहिले. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषद झाली, तेव्हाचे घर हेच. 'बीआयटी' ही अक्षरे त्या ट्रस्टचीच. १९३३ साली ट्रस्ट मोडला आणि चाळी मुंबई महापालिकेकडे गेल्या. म्हणजे खुद्द बाबासाहेब भाडेकरू असताना घराचा मालक बदलला!

'बीडीडी'ची कथाही तशीच. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ चाळी झाल्या, म्हणजे जेमतेम १६ हजार खोल्या, एकेक १६० चौरस फुटांची. खाते गुंडाळले, चाळी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आल्या. खाते गेले, पण त्याचे नाव शंभर वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये म्हाडाने वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या दिल्या. आनंदच आहे. पण चावी मिळते ती पात्र ठरलेल्याला, आणि पात्रता ठरते कागदावर.

आम्ही कारकून माणसे. वहीला दोन बाजू असतात, येणे आणि देणे. एखादे खाते बंद होते तेव्हा भाडेकरूची थकबाकी नव्या कचेरीत बिनचूक पोहोचते. दुरुस्तीचा शब्द, घर देण्याचे वचन मात्र जुन्या कपाटातच राहून जाते. खाते मोडू नये असे आम्ही म्हणत नाही. महापालिकेत निदान आपण निवडून दिलेला नगरसेवक असतो, त्याला जाब विचारता येतो. पण खाते मोडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: येणे घेतलेत, देणे कोणी घेतले?

हे मुंबईचेच नाही. २००३ साली नगरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. म्हणून 'अहमदनगर नगरपालिका' असा शिक्का असलेली घरपट्टीची पावती रद्दीत घालू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

घरातील कर्ता माणूस गेला की दुखवट्यानंतर लगेच वारसनोंदीचा अर्ज द्यावा. सुनेचे, लेकीचे नावही त्यात घालावे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कागद कुठे गेले ते कळेना, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांत अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवावा, असे कायदाच सांगतो.

मावशींचा अर्ज आम्ही त्याच दिवशी विहारात बसून लिहिला. त्यांच्या नातीने तो मोठ्याने वाचून दाखवला, मावशींनी सही केली. खोली मिळेल की नाही, आज सांगता येत नाही. पण वीस वर्षांत प्रथमच त्या घराने लेखी विचारले आहे. तुमच्या घरातील पिशवीही आज खाली काढा.

जयभीम!