लागला बंपर!

बंपर लागला म्हटलं की लोक पेढे मागतात. मला लागला तो मंचरच्या अलीकडे, शनिवारी संध्याकाळी, आणि पेढे सोडा, बांधायला साधी सुतळीसुद्धा मिळेना.

झालं असं, की वीकएण्डला आम्ही तिघी भीमाशंकरला गेलो होतो. गाडी माझी. म्हणजे सेकंडहॅण्ड, पण हप्ते एकदम फर्स्टहॅण्ड. परतताना घोडेगाव मागे टाकलं, पाऊस भुरभुरत होता आणि एक कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं. आम्हीही वाचलो. गाडी मात्र रस्त्याकडेच्या दगडाला जाऊन भेटली. दगडावर ‘मंचर’ लिहिलेलं होतं, म्हणजे रस्ता तरी बरोबर होता!

स्पीड फार नव्हता. तरी बंपर डाव्या कोपऱ्यात वीतभर फाटला आणि एका बाजूने लोंबायला लागला. टायरला काही घासत नाही ना, खाली पाणी गळत नाही ना, एवढं बघितलं. मैत्रिणीच्या ओढणीने बंपर बांधला आणि टेम्परेचरच्या काट्यावर डोळा ठेवून वीसच्या स्पीडने निघालो.

वाटेत पुण्यातल्या एका वर्कशॉपला फोटो पाठवले. पाच मिनिटांत उत्तर हजर. बंपर बदलावा लागेल. बंपरचे ५ हजार, रंगाचे ४, मजुरी १. एकूण १० हजार! माझं दोन महिन्यांचं मानधन अजून कुणाच्या तरी टेबलावर सहीची वाट बघतंय, आणि इथे १० हजार?

‘अगं, इन्शुरन्स आहे ना!’ मागच्या सीटवरून सल्ला आला. आपल्या सगळ्यांना असंच वाटतं. म्हणून जरा हिशोब मांडू या. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टवर सरळ ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपरचे मिळणार अडीच हजार. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्यातला अर्धा कापतात, म्हणजे साडेतीन हजार. मजुरी पूर्ण. झाले ७ हजार. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १ हजार वजा. हातात ६.

आता खरी गंमत. माझा नो क्लेम बोनस ३५ टक्के आहे, पुढच्या वर्षी तो ४५ होणार. क्लेम केला की शून्य! त्याच्या पुढच्या वर्षी ५० च्या जागी २०. गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम साधारण ८ हजार धरला, तर दोन वर्षांत ६ हजारच गेले. म्हणजे या हाताने घेतलं, त्या हाताने दिलं, वर फॉर्म भरले ते वेगळेच. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, पण बोनस जातोच; तो वाचवायला वेगळं कव्हर लागतं.

एवढ्यात मंचर आलं. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला एक शटर उघडं होतं. आत पन्नाशीचे एक मिस्त्री टोमॅटोच्या पिकअपखालून बाहेर आले.

‘मामा, फायबरचा बंपर फाटलाय. बदलावा लागेल का?’

‘खोलल्याबिगर कसं सांगू, ताई?’

आणि त्यांनी खरंच खोलला. वर्कशॉपने फोटोवरून निकाल दिला होता, मामांनी आत बॅटरी मारली. प्लॅस्टिकचा बंपर हा नुसता मुखवटा असतो. धक्का खरा झेलते ती त्याच्यामागची आडवी पट्टी. ती वाकली असेल तर ठोकून सरळ करायची नाही, बदलायचीच, कारण एकदा वाकली की तिची ताकद गेली. वाकलेल्या पट्टीवर कोरा करकरीत बंपर चढवला, तर गाडी दिसेल झकास आणि पुढच्या धडकेत तुम्हाला वाचवायला आत कुणीच नसेल. माझी पट्टी सरळ होती. रेडिएटर शाबूत. कोपऱ्यातला क्लॅम्प तेवढा तुटला होता.

मग मामांनी बंपर उलटा केला आणि आतली बारीक अक्षरं दाखवली. पीपी. म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. आपण ज्याला फायबर म्हणतो ते बहुतेक वेळा फायबर नसतंच, तापवलं की वितळणारं प्लॅस्टिक असतं. म्हणून त्याला एम-सील टिकत नाही, पण गरम इस्त्रीने सांधता येतं. मामांनी आतून बारीक स्टीलची जाळी दाबून बसवली, वरून त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून भरली. तासाभरात काम झालं. क्लॅम्पसकट १८०० रुपये.

‘रंग?’

‘रंग आत्ता नको. हवेत ओल हाय. प्लॅस्टिकचा प्रायमर लावल्याशिवाय कुणाला मारू पण देऊ नका, पापडावाणी सुटंल.’

मला एकदम अक्कल सुचली. ‘मग पुढे लोखंडी गार्डच बसवा ना!’

मामा हसले. ‘बसवंन की. पण गार्ड वाकत न्हाई, धक्का थेट चासीला देतंय. आन् समोर माणूस आला तर?’

समोर कुत्र्याच्या जागी शाळेतली पोरं आली असती तर, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते उगाच नाही.

म्हणजे प्रत्येक वेळी जुगाड करा असं नाही. पट्टी वाकली, हेडलाइट फुटला, रेडिएटर गळला, एअरबॅग उघडली, तर बिनधास्त क्लेम करा, आणि काही खोलायच्या आधी कंपनीला कळवा. पण बदलायचं की सांधायचं, हे बंपर उतरवून आत बघितल्याशिवाय कुणालाच ठरवू देऊ नका. तुम्हीही ठरवू नका.

रंगाचे ४ हजार अजून उभे आहेत, ते दिवाळीत बघू. तोवर पार्किंगमध्ये माझी गाडी लांबून ओळखू येते, हनुवटीला टाके पडलेली.

निघताना मामांनी ओढणी नीट घडी घालून परत दिली. तिच्यावर ग्रीसचा हा एवढा डाग!

‘नवी घेऊन दे,’ मैत्रीण म्हणाली.

म्हटलं, ‘थांब. आधी धुऊन बघू.’