वाऱ्याची वाट अडवू नका

2 डिसेंबर हा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. 1984 मध्ये याच तारखेच्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. गारठ्याची रात्र, वारा मंद आणि वायू हवेपेक्षा जड. तो वर विरून गेला नाही, जमिनीलगत वस्तीत पसरला. विष किती सुटले याइतकेच ते कुठे साचले यालाही महत्त्व असते. रोजच्या धुराचेही तसेच आहे.

मुंबईला हे एकेकाळी ठाऊक होते. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, ते पश्चिमेचा समुद्री वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणूनही. त्यासाठी गरिबांचीच घरे पडली, हेही नोंदवले पाहिजे. पण ट्रस्टचा 63.5 अंशांचा नियम आजही वाचावा असा आहे. त्याचा साधा अर्थ असा, की इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर समोर मोकळे हवे. 20 मीटर उंचीला 10 मीटर. आज मात्र गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत सात-सात मजल्यांच्या इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटरची फट आहे. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवे लावावे लागतात. फटीत साचलेल्या कचऱ्याच्या वासाने खिडक्या बंद राहतात आणि फोडणीचा धूर घरातच कोंडतो.

हवा कुठे कोंडेल, हे इमारती बांधण्यापूर्वीच कळू शकते. संगणकावर इमारतींची प्रतिकृती उभारायची, भोवतालच्या हवेचे लाखो लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातल्या वाऱ्याचा वेग, दिशा व धुराचे प्रमाण काढायचे. त्यातून दिसते ते असे: उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावर आडवा वारा आला की तो गच्च्यांवरून निघून जातो आणि खाली एक भोवरा फिरत राहतो. हा भोवरा गाड्यांचा धूर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या इमारतींकडेच परत लोटतो. ‘आपल्या बाजूने वारा येतो’ म्हणून निश्चिंत असलेल्याच्या रस्त्याकडच्या खिडकीत धूर अधिक जमतो. कुठे दोन इमारती थोड्या सरकवल्या, कुठे मधला मजला मोकळा सोडला, तर चित्र बदलते.

2003 च्या सार्सच्या साथीने पोळलेल्या हाँगकाँगने 2006 पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाचे मूल्यमापन सुरू केले. तिथेही इमारतींची दाटी मोठी आहे. आपल्याकडे मात्र पुनर्विकासाच्या प्रस्तावात चटईक्षेत्र आणि पार्किंग इंचाइंचाने मोजले जाते. वारा क्वचितच मोजला जातो. मोठ्या पुनर्विकासाला मंजुरी देताना हा हिशेब सक्तीचा झालाच पाहिजे, आणि आधी पुनर्वसन इमारतींसाठी. कारण तिथल्या रहिवाशांना घर निवडण्याची मुभा नसते.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत विकासक नकाशा मांडेल. कार्पेट किती मिळणार, हे विचाराच. त्याच सभेत हेही विचारा, की शेजारची इमारत किती मीटरवर येणार आणि पहिल्या मजल्यावर वारा कुठून पोचणार. उत्तर लेखी घ्या.