वयाचा दाखला वाद्याकडेच मागावा

काशीचा रामघाट भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान आहे. घाटावरच्या सांगवेद विद्यालयात वेदपठण चालते आणि आसपासच्या गल्ल्यांत आजही मराठी बोल कानी पडतात. पेशवाईच्या काळापासून महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे या परिसरात येऊन स्थिरावली. आता त्यांतील नवी पिढी नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई, बंगळूर येथे किंवा परदेशी गेली आहे. मागे राहिलेले वाडे कधीतरी आवरावे लागतात, आणि अशा आवराआवरीत माळ्यावरून एखादी लांबट पेटी खाली उतरते. पेटीत असते एक जुनी स्टील गिटार.

असा एक प्रसंग कल्पावा. गिटारवर रागसंगीत शिकू पाहणारा एक तरुण नोकरदार रामघाटावरील परिचितांच्या घरी ती पेटी पाहायला जातो. घरातील वडीलधारे गृहस्थ सांगतात, “आमच्या आजोबांनी १९३५ साली थेट अमेरिकेहून आणवली होती, बरं का!” तरुण हरखतो. “काका, किंमत तुम्ही सांगाल ती,” असे शब्द त्याच्या तोंडून निघतात आणि बँकेतील मुदत ठेव मोडण्याचा विचार मनात घर करतो. येथेच थांबण्याची गरज आहे. काका खोटे बोलत नसतात. लहानपणी जे कानावर आले, तेच ते श्रद्धेने सांगत असतात. परंतु घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिगत ही केवळ पहिली साक्ष असते. तिच्यावरच निकाल देणे विकणाऱ्याच्याही हिताचे नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही.

मांडीवरच्या वाद्याचा प्रवास

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवायची ही गिटार मूळची हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोसेफ केकुकू यांनी हे वादन रूढ केले, असे सामान्यतः मानले जाते. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत या वाद्याचे वेड पसरले. आवाज मोठा व्हावा म्हणून ‘नॅशनल’ कंपनीने १९२७ मध्ये आत धातूच्या तीन तबकड्या असलेली गिटार काढली; १९२८ मध्ये ‘डोब्रो’ आली; आणि १९३२ मध्ये, पुढे रिकनबॅकर या नावाने गाजलेल्या कारखान्याने ॲल्युमिनियमची विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आणली.

भारतात हे वाद्य प्रथम कोलकात्यात रुजले. हवाईयन वादक ताऊ मो १९४० च्या दशकात तेथे वास्तव्यास होते. पुढे चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांनी ते घराघरांत नेले. जोधपूरचे पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतील गिटार त्यांचीच. पं. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्काराचा मान मिळाला. काशीत डॉ. कमला शंकर यांनी हीच परंपरा पुढे नेली. तेव्हा रामघाटावरच्या एखाद्या माळ्यावर अशी गिटार सापडणे मुळीच नवलाचे नाही. ती कोणती आणि केव्हाची, हे मात्र पारखून घ्यावे लागते.

नावाआधी देह पाहावा

बहुतेकजण प्रथम माथ्यावरचे नाव वाचतात. वास्तविक नाव सर्वांत शेवटी वाचावे, कारण नावाची पट्टी सहज बदलता येते आणि अक्षरांच्या साम्यानेही घोटाळा होतो. अमेरिकेची गिब्सन आणि आपल्या कोलकात्याची गिव्हसन यांत एका अक्षराचाच फरक आहे. दोन्ही नावे आपापल्या जागी खरी आहेत. घाई असते ती वाचणाऱ्याच्या डोळ्याला.

पहिला प्रश्न असा की, हे वाद्य मुळात स्टील गिटारच आहे काय? मान चौकोनी आणि जाड असेल, तर ती मांडीवर वाजवण्यासाठीच घडवलेली असते. मान मागून गोल असेल, तर ती साधी गिटार असून वरच्या टोकाच्या पट्टीवर, म्हणजे ‘नट’वर, धातूचे टोपण बसवून तारा उंच केलेल्या असण्याची शक्यता असते. पडदे पाहिले की उलगडा होतो. स्टील गिटारच्या तारा पडद्यांना टेकतच नाहीत, त्यामुळे पडदे झिजत नाहीत. ते झिजलेले दिसले, तर कधीकाळी कोणीतरी ती बोटे दाबून वाजवलेली आहे.

दुसरा प्रश्न वयाचा. येथे एक साधे सूत्र उपयोगी पडते : मूळचा म्हणून सिद्ध झालेला सर्वांत नवा भाग ज्या वर्षाचा, त्याच्याआधी ते वाद्य तयार झालेले असू शकत नाही. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वी वापरात नव्हते. रिकनबॅकरच्या विद्युत गिटारचे अमेरिकन पेटंट १० ऑगस्ट १९३७ रोजी मंजूर झाले. त्या पेटंटचा क्रमांक कोरलेली गिटार १९३५ ची असणे शक्य नाही. याच कंपनीच्या गिटारवरील नालाच्या आकाराचे चुंबक दुसऱ्या महायुद्धापूर्वी दीड इंच रुंद असे, युद्धानंतर ते सव्वा इंच झाले. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल, तर ती युद्धोत्तर ताब्याच्या काळातील, म्हणजे १९५२ पर्यंतची.

विजेच्या गिटारचा सर्वांत बोलका साक्षीदार आत दडलेला असतो. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालील भागाला कारागीर ‘पॉट’ म्हणतात. अनेक अमेरिकन पॉटवर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६२२ : पैकी १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण, ६६ म्हणजे १९६६ हे वर्ष आणि २२ म्हणजे त्या वर्षाचा बाविसावा आठवडा. मात्र हा आकडा पॉटचा जन्मदिनांक आहे, गिटारचा नव्हे. कारखाने पॉटचा साठा करून ठेवत. त्यामुळे गिटार त्यानंतर काही महिन्यांनी, प्रसंगी काही वर्षांनीही तयार झालेली असू शकते.

आपल्याकडचे काही दाखले तर कोणत्याही परदेशी ग्रंथात सापडणार नाहीत. पेटीत विक्रेत्याची चिठ्ठी असेल आणि तीवर किंमत रुपये-आण्यांत असेल, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच. चिठ्ठी दुरुस्ती करणाऱ्याचीही असू शकते, हे ध्यानात ठेवूनच तिची साक्ष घ्यावी.

साक्षी जुळवण्याची कला

कल्पिलेल्या प्रसंगातील गिटारमध्ये १९६६ चा पॉट सापडला असे समजू. म्हणजे १९३५ ची कथा खोटी ठरली काय? तसेही नाही. पॉटच्या तारांवरचा डाख जुना, एकसारखा आणि न छेडलेला असेल, तर पॉट मूळचा आणि गिटार १९६६ नंतरची. डाख दोनदा वितळवल्यासारखा दिसत असेल, तर पॉट मागाहून बदललेला. मग गिटार जुनी असू शकते. त्यासाठी स्क्रूची भोके, लाकडावरचे ठसे आणि रंग पाहावा लागतो. बँकेच्या रोखपालाला परिचित असलेला, नोटा तपासण्याचा अतिनील दिवा येथेही कामी येतो. जुन्या नायट्रोसेल्युलोज लाखेवर त्या प्रकाशात फिकट पिवळसर-हिरवी झाक दिसते. नंतर रंगवलेला भाग त्यात वेगळा उठून दिसतो.

सराफ एका कसावर सोने जोखत नाही आणि बँक एका कागदावर कर्ज देत नाही. सातबारा, फेरफार, खरेदीखत हे सारे एकमेकांशी जुळले की मगच शिक्का उमटतो. वाद्याबाबतही एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान तीन साक्षी एकाच काळाकडे बोट दाखवीत असतील, तेव्हाच वर्ष मान्य करावे. त्यानंतरही “१९३५” असे ठामपणे न म्हणता “१९३०-४० च्या दरम्यानची” असे म्हणणे अधिक प्रामाणिक असते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : सूर गोड असेल तर वयाची उठाठेव कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. वादनासाठी घ्यायची असेल, तर मान सरळ आहे की नाही, गंगाकाठच्या पावसाळी ओलीने सांधे सुटले आहेत काय, खुंट्या सूर धरतात काय, हे वयाहून महत्त्वाचे. मात्र किंमत वयाच्या नावावर मागितली जात असेल, तर वयाचा पुरावा मागण्यात गैर काहीच नाही. सुराचे पैसे सुरासाठी द्यावेत, वयाचे वयासाठी.

‘मूळ’ म्हणजे काय?

परदेशी संग्राहक न बदललेल्या वाद्याला अधिक किंमत देतात. आपल्याकडे मात्र अनेक गिटारींना चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडल्या गेल्या, बाजूला जादा खुंट्या बसल्या, घोडी बदलली. बाजाराच्या हिशेबाने हा दोष ठरतो. परंतु एका परक्या वाद्याने मींड आणि गमक आत्मसात केल्याची ती लेखी नोंदच आहे. अशी गिटार विकत घेऊन, जादा खुंट्या काढून, भोके बुजवून तिला पुन्हा “अस्सल” करणे म्हणजे जुन्या दस्तऐवजावरील उत्तरार्ध खोडण्यासारखे आहे. ज्याला केवळ अमेरिकन १९३५ हवे असेल, त्याने ती घेऊ नये. परंतु घेतली तर तिचे काशीतील आयुष्यही जपावे.

आणखी एक बाजू न्यायाची आहे. कधी कथा फुगलेली असते, तर कधी अगदी उलट घडते. घरच्यांना अडगळ वाटणारी वस्तू खरोखरच मोलाची निघते. जाणकार खरेदीदाराने अशा वेळी मौन पाळून ती कवडीमोलाने नेणे कायद्यात कदाचित बसेल, सचोटीत बसत नाही. पारख ही दुधारी आहे. ती घेणाऱ्याला जशी फसवणुकीपासून वाचवते, तशीच त्याच्यावर खरे बोलण्याची जबाबदारीही टाकते.

म्हणून व्यवहाराची रीत साधी असावी. मागणी बोलण्यापूर्वी उजेडात छायाचित्रे घ्यावीत. मालकाच्या परवानगीने, जाणत्या कारागिराच्या हातून वाद्य उघडून पाहावे. पावतीवर केवळ “जुनी गिटार” असे न लिहिता नाव, क्रमांक, आढळलेल्या खुणा आणि बदललेले भाग नोंदवावेत. रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी, म्हणजे उद्या दोन्ही बाजूंकडे पुरावा राहतो. हस्तिदंताचा तुकडा जडवलेला असेल, तर त्या वाद्याच्या व्यवहारातच पडू नये. आपल्याकडे त्याच्या व्यापारावर बंदी आहे. ब्राझिलियन शिसवाच्या वस्तूंना १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध लागू आहेत आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुराणवस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो. म्हणून वाद्य परदेशी नेण्याचा विचार असेल, तर आधी चौकशी करावी.

रामघाटावरच्या त्या काकांची गिटार १९६६ नंतरची ठरली, तरी आजोबांच्या आठवणीचे मोल उणे होत नाही. कदाचित आजोबांची पहिली गिटार निराळीच असेल आणि दोन्हींच्या आठवणी एकीत मिसळल्या असतील. तरुणाने ते आदराने सांगावे, वाजवी किंमत द्यावी आणि गिटार घेऊन रियाजाला बसावे. ठेव शाबूत राहील, काकांचा मान राहील आणि माळ्यावर मुके पडलेले वाद्य पुन्हा बोलू लागेल. खरेदीतला याहून चांगला नफा कोणता?