लोकर टोचते, ही नाटकं नव्हेत



थंडी पडली की घरोघरी मुलं कुरकुरतात, "स्वेटर टोचतो." आपण म्हणतो, "नाटकं नकोत, गप घाल." मी मुलांच्या बाजूने आहे.

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात यावर बारकाईने अभ्यास झाला. कापडातून लोकरीच्या केसांची टोकं बाहेर आलेली असतात. बारीक केस त्वचेला टेकला की वाकतो. जाड केस ताठ राहतो आणि वेदना कळवणाऱ्या नसांना डिवचतो. सीमा साधारण ३० मायक्रॉनची. शंभरातले पाचच केस याहून जाड असले तरी टोचणी जाणवते, घाम आला की जास्तच. पुढे तिथे हे मोजायला 'वूल कम्फर्टमीटर' नावाचं यंत्रही झालं. पण त्याचे आकडे खरे की नाही हे बघायला शेवटी माणसांनाच ते कपडे घालायला देऊन विचारावं लागलं!

म्हणजे "हिला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे" हे बहुतेक वेळा खरं नसतं. दोष जाड केसाचा. मेलबर्नमध्ये एक्झिमा असलेल्या लहानग्यांना अगदी बारीक मेरिनो घातली, तर सुती कपड्यांपेक्षा त्रास कमी झाला. (अशा संशोधनामागे लोकर उद्योगाचा पैसा असतो, हेही ध्यानात ठेवा.)

मग मेरिनोच घ्यावी का? इथे मी अडते. ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून मेरिनो कोकरांच्या शेपटीजवळची कातडी कापतात. त्याला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. पाण्याच्या थेंबातल्या जिवाचाही विचार करणाऱ्या आपण लेबलवर फक्त 'सॉफ्ट' वाचून पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. 'म्युलसिंग-फ्री' लिहिलं असेल तरच घ्यावं, नाहीतर दुकानदाराला विचारावं. त्याला ठाऊक नसेल तर ठेवून द्यावं. निदान कोणीतरी विचारतंय हे तरी त्याला कळेल.

सामायिकाच्या कटासण्याचं वेगळं. त्याला मऊपणा कशाला हवा? आपली दख्खनी लोकर जाडीभरडी, घोंगडीची, बसायला उत्तम. मुलांना मात्र आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला आणि गळ्यालाही सुती पट्टी शिवा. सगळ्यात आधी तिथेच टोचतं.