मंगळ : पत्रिकेतला आणि आकाशातला

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाशदर्शन घडवीत आली आहे. या उपक्रमाकडे पुरोगामी चळवळीने केवळ छंद म्हणून पाहू नये. पत्रिकेतील मंगळापायी आजही मुलींची लग्ने अडतात. दुर्बिणीतला मंगळ म्हणजे गंजल्या धुळीचा, ६८७ दिवसांत सूर्यप्रदक्षिणा करणारा तांबूस गोल. त्याला कोणाच्या संसाराचे सोयरसुतक नाही. आणीबाणीतील ४२व्या घटनादुरुस्तीत आक्षेपार्ह पुष्कळ होते. परंतु वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे कर्तव्य तिनेच ठरविले. ते नुसत्या व्याख्यानांनी पार पडणार नाही. आकाश सर्वांचे असले, तरी दुर्बीण मूठभरांपाशीच आहे. कार्यकर्त्यांनी अशा संस्थांच्या साहाय्याने ती कामगारवस्त्यांत, पाड्यांवर न्यावी. स्वतःच्या डोळ्यांनी मंगळ पाहिलेल्या मुलीला त्याचे भय घालणे ज्योतिष्यांना जड जाईल.