आभासी नगरीच्या वेशीवर

मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या, असे बजावणारी व्याख्याने गेल्या दहा-पंधरा वर्षांत मी इतकी ऐकली आहेत, की त्यांचा क्रमही आता पाठ झाला आहे. आरंभी गुरुकुलाचे स्मरण, मध्ये पाश्चात्त्यांच्या अंधानुकरणावर कोरडे, शेवटी पालकांना कोपरखळी आणि टाळ्या. या व्याख्यात्यांपैकी एकानेही तो खेळ स्वतः उघडून पाहिल्याचे मला आठवत नाही. ज्या नगरीत आपली मुले रोज दोन-दोन तास राहून येतात, तिची वेस कोठे आहे, वेशीवर कोण उभा असतो, नवख्याच्या हाती तो काय ठेवतो आणि त्याच्याकडून काय काढून घेतो, याची चौकशी न करता तिच्यावर दगड भिरकावून काय साधते? मीही याच अडाण्यांपैकी एक होतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा अडाणीपणा दूर केला तो शेजारच्या नववीतील मुलाने. वडील येथेच, सोलापुरात, चादरीच्या एका कारखान्यात हिशेब लिहितात. आई शिकवण्या घेते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर बँकेचे पुस्तक भरून आणले, तेव्हा ९९, १९९, ४९९ अशा नोंदींची रांगच्या रांग निघाली. बेरीज सात हजारांच्या घरात गेली. शाळेची फी त्याच खात्यातून जायची होती. वडिलांचा हात उठला, आई मध्ये पडली आणि रात्री दोघे मुलाला घेऊन माझ्याकडे आले. ‘तुम्ही वर्तमानपत्रात लिहिता, जरा समजावून सांगा.’ मी समजावण्याचा आव आणला खरा. पण मुलाने खाली मान घालून जे सांगितले, त्याने माझीच शिकवणी झाली. तो म्हणाला, ‘काका, पहिले आठ दिवस सगळं फुकट होतं हो.’

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवीत होतो. हा खेळ म्हणजे नुसती मारामारी नव्हे. यात खेळणारा एक भूमिका घेतो. योद्धा, धनुर्धर, वैद्य, मांत्रिक यांपैकी काहीतरी होतो आणि देशोदेशींच्या हजारो खेळाडूंसोबत एकाच कल्पित भूमीत वावरतो. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी अशा भूमीचा पहिला आराखडा संगणकावर उतरविला, तेव्हा तीत चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. आज चित्रे आली, संगीत आले आणि दुकानही आले. अशा नगरीतील नवख्याचा पहिला दिवस कसा असतो, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे मला वाटले. मी मुलाला म्हटले, ‘पैसे गेले त्या खेळात नको. दुसरा एखादा जुना, साधा खेळ उघड आणि मला शिष्य कर.’

त्याने ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ उघडला. २००१ साली केंब्रिजमधील गोवर बंधूंनी सुरू केलेल्या खेळाची ही जुनी आवृत्ती. जुने रूपच हवे, असा खेळाडूंनी हट्ट धरल्यामुळे कंपनीला ती २०१३ साली पुन्हा सुरू करावी लागली. २०१८ पासून ती मोबाईलवरही आहे. त्यात प्रवेश केल्यावर नवखा थेट रणांगणात जात नाही. त्याला एका लहानशा बेटावर उतरवतात. तेथे एक जण झाड तोडणे, जाळ पेटवणे, जाळ्याने कोळंबी पकडून भाजणे शिकवतो. पुढे आचारी कणीक मळून पाव भाजायला लावतो. मग खाणीत उतरायचे, कथील आणि तांबे खणून काढायचे, भट्टीत ते वितळवून कांसे करायचे आणि ऐरणीवर कट्यार घडवायची. ही स्वतः घडवलेली कट्यार हाती आल्यावरच पहिली लढाई, तीही एका घुशीशी! त्यानंतर पेढीचे व्यवहार, प्रार्थना, एका कोंबडीवर मंत्राचा पहिला प्रयोग आणि मग मुख्य भूमीवर रवानगी.

माझी पहिली कोळंबी करपली. मुलगा खळखळून हसला. बऱ्याच दिवसांनी, असे त्याची आई म्हणाली.

मला या बेटाचे कौतुक वाटले, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात कमीपणा कसला? ज्याने हे बेट रचले, त्याला उमेदवारी म्हणजे काय ते कळत होते. या खेळात प्रत्येक कौशल्याच्या ९९ पायऱ्या आहेत आणि त्यांचे गणित असे, की ९२वी पायरी गाठली म्हणजे ९९व्या पायरीपर्यंतच्या श्रमांपैकी जेमतेम निम्मे श्रम झाले! आमच्या तालमीतल्या वस्तादांना हे गणित सांगितले असते, तर त्यांनी मान डोलावली असती. सोलापूरकरांना तर दुसरे उदाहरण नकोच. संक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ती उंच काठी कमरेशी तोलून धरणारा माणूस बाराबंदी घालून एकाएकी रस्त्यावर येत नाही. यात्रेपूर्वी कितीतरी दिवस सराव चालतो. नवख्याच्या मागेपुढे जाणती माणसे असतात. तोल गेला तर सावरणारे हात तयार असतात. पाचशे रुपये जादा देतो, मला आजच पुढचा मान द्या, असे तेथे कुणी म्हटले तर लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील?

नेमकी हीच गोष्ट आजच्या पुष्कळशा खेळांत उजळ माथ्याने चालते. नवखा वेशीवर येतो, तेव्हा त्याला श्रम शिकवीत नाहीत. त्याच्यावर दाने उधळतात. पहिल्या दिवशी तलवार, दुसऱ्या दिवशी चिलखत, सातव्या दिवशी दुर्मीळ सहचर. अट एवढीच, की रोज हजेरी लावायची, एक दिवस चुकला की साखळी तुटली. आठ दिवस शत्रू मुद्दाम दुबळे ठेवलेले असतात. नवव्या दिवशी ते बळकट होतात आणि त्याच क्षणी पडद्यावर पेटी येते. ती पेटी उघडण्याचे पैसे पडतात आणि आत काय निघेल हे नशिबावर!

या पेटीला ‘गाचा’ म्हणतात. जपानमध्ये नाणे टाकून खेळण्याची डबी काढण्याचे यंत्र असते, त्यावरून हे नाव आले. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा सप्टेंबर २०२० मध्ये आलेला शांघायच्या कंपनीचा खेळ या प्रकारातील सर्वांत गाजलेला. चित्रे अप्रतिम, संगीत सुरेख, प्रवेश विनामूल्य. मात्र सर्वोच्च श्रेणीचे पात्र एका खेपेला मिळण्याची शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा! नव्वदाव्या खेपेला ते हमखास मिळते, हे खरे. पण तोवर चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताला थांब कोण म्हणणार? होम मैदानावरच्या गड्ड्यात कडी फेकून वस्तू जिंकण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. दोन कड्या फुकट गेल्या की आजोबा हात धरून पुढे ओढीत. येथे ओढणारे आजोबा नाहीत, मैदान खिशात आहे आणि जत्रा बाराही महिने चालू.

कुणी म्हणेल, हा सारा कांगावा आहे, खेळ तो शेवटी खेळ. तसे असेल, तर इतर देशांच्या शासनांनी का जागे व्हावे? जपानने ठरावीक चित्रांचे संच पुरे करायला लावणारी अशी सोडत २०१२ मध्येच बंद पाडली. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात धरल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ‘गेनशिन’च्या प्रकाशकांकडून दोन कोटी डॉलरचा दंड कबूल करून घेतला आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून या पेट्या विकण्यास मनाई केली. अमेरिकेतील मुलाच्या वेशीवर हा पहारेकरी उभा राहिला. सोलापुरातील मुलाच्या वेशीवर कोण आहे?

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. ते आवश्यकच होते. रमीच्या जाहिराती करणाऱ्या तारे-तारकांनी घराघरांत जे विष पेरले, त्याचा हिशेब कधीतरी व्हायलाच हवा होता. पण कायद्याची नजर पैसे परत मिळण्याच्या आशेवर आहे. गाचाच्या पेटीतून रुपये निघत नाहीत, निघते ते चित्र. त्या पेटीचे नावही या कायद्यात नाही. जेथे हरणे आणि जिंकणे दोन्ही होते तो जुगार आणि जेथे केवळ हरणेच आहे ती करमणूक, असा हा न्याय झाला! आपल्या खासदारांना निवेदने देण्याची सवय असलेल्या कार्यकर्त्यांनी या एका मुद्द्यावर लेखणी उचलावी. पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे रुपयांच्या भाषेत दुकानाच्या दारावरच लिहायला लावा आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती विकायला बंदी करा. सरसकट बंदीची मागणी सोपी असते, म्हणूनच ती फसते. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी’वर बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला तोच खेळ नवे नाव धारण करून परत आला, हे आपण पाहिलेच आहे.

कायद्यापलीकडचा एक भाग मात्र कोणत्याही शासनाच्या हातचा नाही. मुख्य भूमीवर पाऊल ठेवताच आमच्या पात्राभोवती दोन-तीन परके खेळाडू जमले. एकाने न मागता थोडी नाणी दिली. दुसरा म्हणाला, तुझ्याजवळचे सोने दे, दुप्पट करून देतो. मुलाने हसून मला सांगितले, ‘काका, हा चोर आहे. पहिल्यांदा थोडं दुप्पट करून देतो, मग मोठी रक्कम घेऊन पळतो.’ हे शहाणपण त्याला कुणी शिकवले होते? कुणीही नाही, तो स्वतः फसला होता आणि लाजेने घरी बोलला नव्हता. पैसे गेले त्या खेळातील त्याच्या टोळीचा म्होरक्या कोण, कोणत्या देशाचा, किती वयाचा, हे त्याला ठाऊक नाही. पण त्या टोळीत त्याला नाव आहे, काम आहे, रात्री नऊला त्याची वाट पाहणारे कुणीतरी आहे. मैदानावर मुलांचे खेळ घेणाऱ्यांना विचारा: नवा मुलगा टिकतो तो खेळामुळे नव्हे, पहिल्या दिवशी कुणीतरी त्याचे नाव विचारून, हात धरून त्याला रांगेत उभे केलेले असते म्हणून. आपण हे विसरलो आणि त्या परक्या म्होरक्याने हे लक्षात ठेवले. आपल्या कॉलनीत त्या मुलाला पूर्ण नावाने ओळखणारी माणसे किती, हे मी मोजायला बसलो आणि माझी मलाच शरम वाटली.

त्याच्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की फोन हिसकावू नका. खात्याची पैशाची वाट बंद करा, खरेदीला तुमचा पासवर्ड लावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशेजारी बसून, ‘आज कोठे गेला होतास’ असे विचारा. आपला पोरगा गणपतीच्या आरासीसाठी किती वाजता कोणाच्या घरी गेला, हे आपण विचारतोच ना? वडील म्हणाले, ‘मला त्यातलं काही कळत नाही हो.’ मलाही कळत नव्हते. करपलेली कोळंबी हा त्याचा पुरावा.

एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. ज्या रुनस्केपचे मी गुण गायले, तोही सोवळा नाही. खऱ्या पैशाने रोखा घेऊन खेळातले सोने करण्याची सोय तेथेही आहे आणि त्याच्या मुख्य आवृत्तीत २०१२ पासून नशिबाचे चाक व पुढे पेटाऱ्याचा प्रकार घुसला होता. खेळाडू वर्षानुवर्षे कुरकुरले. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने कौल मागितला, एक लाख मते पडली आणि तो पेटारा काढून टाकण्याचे ठरले. हे काम खेळणाऱ्यांनीच केले. श्रमाने मिळवलेल्या पायरीला पैशाने विकत घेतलेल्या पायरीशेजारी बसवू नका, ही त्यांची तक्रार होती. आणि आमच्या व्यासपीठांवर याच पोरांना बिघडलेली पिढी म्हणतात!

गेलेल्या पैशांपैकी काही परत मिळावेत म्हणून वडिलांनी अर्ज केला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. दर रविवारी सकाळी मुलगा माझ्याकडे येतो. अर्धा तास खेळ आणि नंतर तासभर इंग्रजी, असा आमचा करार आहे. माझे पात्र अजून लाकडेच तोडते आहे.