नाचणी हवीच, गोळीही हवी

‘हाडं ठिसूळ झालीत म्हणे, पण गोळ्या नकोत बाई, नाचणी आणि चालण्यावर भागवीन,’ असं साठी ओलांडलेल्या कितीतरी जणी ठासून सांगतात. नाचणीशी माझं भांडण नाही; १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारं दुसरं धान्य दाखवा! पण हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला असेल, किंवा मणका एकदा मोडून झाला असेल, तर एकट्या भाकरीवर विसंबणं मला धाडसाचं वाटतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, आधी मणका मोडलेल्या स्त्रियांमध्ये अ‍ॅलेंड्रोनेट या गोळीने मणक्याची नवी फ्रॅक्चर्स जवळपास निम्म्यावर आणली. व्यायामाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही. चालण्याने हाडांची घनता फारशी वाढतही नाही. वजनं उचलल्याने थोडी वाढते, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. मात्र गोळी तोल सावरत नाही. ओल्या न्हाणीघरात पाय घसरला की उपयोगी पडते ती मांडीतली ताकद आणि भिंतीला लावलेला दांडा. (तो दांडा बसवायला घरात कुणालाच सवड नसते, ही गोष्ट वेगळी.) गोळीचेही नखरे आहेतच: उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डेनोसुमॅब या हाडांच्याच औषधाचं सहामाही इंजेक्शन तर आपल्या मनाने मुळीच सोडू नये. त्याचा असर ओसरला की एकापाठोपाठ एक मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.